बदगुमानी आणि निबाह

उर्दूत 'बदगुमानी' असा एक शब्द आहे. मराठीत त्याला 'गैरसमज' म्हणून भागवले जाते, पण ते तितकेसे बरोबर नाही. गैरसमज होतो, बदगुमानी केली जाते. समोरच्याविषयी पुरेसे ठाऊक नसताना तो वाईटच आहे असे ठरवून मोकळे होणे म्हणजे बदगुमानी. माणूस ती का करतो? बी.एड.च्या मानसशास्त्रात आम्ही थॉर्नडाइकचे 1920 सालचे निरीक्षण शिकलो होतो : एखाद्याचा एक गुण डोळ्यांत भरला की त्याच्या उजेडात बाकीचे सारे गुण चुकीचे जोखले जातात. शिक्षकांसाठी हा इशारा चांगलाच आहे. जूनमध्ये शेवटच्या बाकावर बसणाऱ्या मुलाविषयी शिक्षक-खोलीत जे बोलले जाते ते ऐकावे! पण आम्हाला हे उत्तर अपुरे वाटते. पुष्कळदा डोळा चुकलेला नसतो, मन घाबरलेले असते. ज्याला शब्दात अडकायचे नसते, त्याला समोरचा माणूस वाईट निघणे सोयीचे पडते.

हे सांगण्यासाठी आम्ही ज्या कादंबरीचा आधार घेणार आहोत, तिचा विषय ऐकूनच काही वाचक अंक मिटून ठेवतील. ई. एम. फॉर्स्टर यांची 'मॉरिस' ही दोन पुरुषांमधील प्रेमाची कथा आहे. त्या प्रेमाविषयी धर्म काय सांगतो, हे आम्ही येथे लिहीत नाही. ते सांगणारे पुष्कळ आहेत. आमचा प्रश्न वेगळा आहे. भीती वाटली म्हणून शब्द मोडता येतो का, आणि एकाच्या भीतीची किंमत दुसऱ्याने का भरावी?

फॉर्स्टर आपल्याला अगदीच परके नाहीत. सर सय्यद अहमद खान यांचे नातू सय्यद रॉस मसूद इंग्लंडमध्ये शिकत असताना 1906 साली त्यांना लॅटिन शिकवायला जो तरुण येत असे, तो हाच. फॉर्स्टर यांचा त्यांच्यावर जीव जडला. त्यांनी तो बोलून दाखवला. मसूद यांच्या मनात तसे काही नव्हते. येथे मैत्री तुटली असती तर कोणी नवल केले नसते. ती तुटली नाही. 1912-13 मध्ये फॉर्स्टर हिंदुस्थानात आले ते मसूद यांना भेटण्याच्या ओढीने. 1924 च्या 'अ पॅसेज टू इंडिया'ची अर्पणपत्रिका मसूद यांच्याच नावाची आहे, आणि पुढे अलीगढचे कुलगुरू झालेल्या मसूद यांचे 1937 साली निधन होईपर्यंत हा स्नेह टिकला. जे देता येत नाही त्याला स्पष्ट नकार आणि जे देता येते त्याचा निबाह, असा हा व्यवहार होता. त्या कादंबरीत डॉ. अझीझ रात्री मशिदीत एका इंग्रज म्हातारीला पाहून संतापतो, हिने जोडे काढले नसणार असे धरूनच चालतो. तिने ते काढलेले असतात. बदगुमानी दूर व्हायला दोन वाक्ये पुरतात आणि तेथून जन्माची मैत्री सुरू होते.

'मॉरिस'मध्ये ती इतक्या स्वस्तात दूर होत नाही. 1913 साली हिंदुस्थानातून परतल्यावर फॉर्स्टर यांनी ही कादंबरी लिहायला घेतली. केंब्रिजमध्ये क्लाइव्ह नावाचा जहागीरदार तरुण मॉरिसला आपले प्रेम सांगतो. मॉरिस हादरतो, त्याला नको ते बोलतो. काही दिवसांनी त्याला कळते की आपण ज्याला घाणेरडे म्हटले ते आपल्याही आत आहे. तो परत जातो. पुढे तीन वर्षे दोघे एकमेकांचे असतात. मग क्लाइव्ह ग्रीसला जातो आणि तेथून कळवतो की आपण आता बदललो आहोत. त्याला जहागीर सांभाळायची आहे, राजकारणात उतरायचे आहे, घराण्याला वारस हवा आहे. तो ॲन नावाच्या मुलीशी लग्न करतो.

दुसरा भाग ॲलेकचा. तो क्लाइव्हच्या जहागिरीतल्या रानाचा राखणदार. मॉरिस त्याला बक्षिशी देऊ पाहतो, तो नाकारतो, आणि मॉरिसला हा उद्धटपणा वाटतो. गरिबाने पैसे घेतले तर लाचार आणि नाही घेतले तर उद्धट! पुढे दोघे जवळ येतात, आणि दुसऱ्याच दिवसापासून मॉरिसला शंका खाऊ लागते : हा माणूस आपल्याला लुटणार. ॲलेकचे पत्र येते. मॉरिस त्यात धमकी वाचतो आणि उत्तर देत नाही. उत्तर न आल्याने ॲलेकला वाटते, साहेबाने आपल्याला वापरून फेकले. मग तो खरोखरच धमकी देतो. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये दोघे समोरासमोर येतात तेव्हा कळते की दोघेही एकमेकांना घाबरलेले होते. बदगुमानीचा हा गुण आम्हाला फार भयंकर वाटतो. ती आधी खोटी असते आणि आपल्या वागण्याने खरी होत जाते.

भीती पोकळ होती असे मात्र कोणी समजू नये. इंग्लंडमध्ये 1885 पासून या गोष्टीसाठी तुरुंग होता. ऑस्कर वाइल्ड यांना 1895 साली दोन वर्षांची सक्तमजुरी झाली. तो कायदा इंग्लंडने 1967 साली सैल केला. इंग्रजांनीच 1860 साली आपल्या गळ्यात घातलेले कलम 377 सज्ञानांच्या संमतीच्या संबंधांपुरते रद्द व्हायला 6 सप्टेंबर 2018 उजाडावा लागला. 'मॉरिस' फॉर्स्टर यांच्या हयातीत छापलीच गेली नाही. ती निघाली 1971 साली, त्यांच्या मृत्यूनंतरच्या वर्षी. तेव्हा घाबरणाऱ्याला आम्ही भ्याड म्हणणार नाही. ॲलेकही घाबरला होता, पण त्याने घेतलेली जोखीम त्याची स्वतःची होती. तो अर्जेंटिनाला जाणारे जहाज सोडतो. नोकरी आणि भावासोबतचे नवे आयुष्य दोन्ही जाते. क्लाइव्हने काहीच सोडले नाही. त्याच्या भीतीचा खर्च आधी मॉरिसच्या नावावर पडला आणि नंतर ॲनच्या.

ॲनपाशी आलो की आम्हाला 'लिहाफ' आठवते. इस्मत चुगताई यांची ही कथा 1942 सालची. तिच्यावर लाहोरच्या कोर्टात खटला झाला आणि तेव्हापासून चर्चा रजईखाली काय घडले याचीच होते. कथेच्या सुरुवातीकडे कोणी बघत नाही. बेगमजानच्या आईबापांनी वयस्कर नवाबसाहेब का पसंत केले? तर ते हाजी होते, आणि त्यांच्या घरी कधी कोणी नाचणारी पाहिली नव्हती. आपल्याकडे रिश्ता आणणाऱ्या खाला अजूनही हेच सांगतात : मुलगा फार शरीफ, सुपारीच्या खांडाचेही व्यसन नाही, मुलीकडे मान वर करून पाहत नाही. पहिली छाप येथे उलट्या बाजूने फसवते. नवाबांना बायकांचे आकर्षण नव्हते, लोकांनी त्याला परहेजगारी म्हटले, आणि त्या नावाखाली एका मुलीला घरातल्या सामानासारखे आणून ठेवले गेले. नवाबांनी स्वतःसाठी काही मिळवले असेल, पण बेगमजानचा तारुण्याचा काळ कोणी परत करणार होते का?

क्लाइव्ह खरोखरच बदलला असेल. मनाला सक्ती करता येत नाही, आणि प्रेम संपले हा गुन्हा आम्ही मानत नाही. पण निकाहाच्या वेळी मुलीला तीनदा विचारले जाते, ते कशासाठी? तिला जे ठाऊकच नाही त्याला ती कबूल कशी म्हणणार?

फॉर्स्टर यांनी मॉरिस आणि ॲलेकला सुखी शेवट दिला आणि तो असायलाच हवा असा हट्ट धरला, म्हणून समीक्षकांनी नाके मुरडली. पण पुस्तक त्या दोघांवर संपत नाही. मॉरिस क्लाइव्हला सारे सांगून अंधारात निघून जातो. क्लाइव्ह घराकडे वळतो, आणि त्याच्यापुढे एकच काम उरलेले असते : ॲनपासून हे लपवायचे कसे.