शेजाऱ्याच्या झोपेचा हक्क



गेल्या रमजानच्या पहिल्या आठवड्यातील गोष्ट. तरावीह संपवून बाहेर पडलो, तेव्हा मशिदीच्या पायऱ्यांपाशी एक वयोवृद्ध गृहस्थ उभे होते. ते मुस्लिम नव्हते. समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर त्यांचे बिऱ्हाड आहे आणि त्याच इमारतीच्या तळमजल्यावर आपल्या एका नमाजी भावाचे हॉटेल आहे. त्यांनी आवाज चढवला नाही. एवढेच विचारले, "इमामसाहेब, तुमच्या धर्मात रात्री किती वाजेपर्यंत भांडी घासलेली चालतात?"

प्रश्नात उपरोध असावा, असे मला क्षणभर वाटले; पण तो नव्हता. हॉटेलच्या देगा आणि पातेली मागच्या बोळात रात्री दीडनंतर घासली जात, तेवढ्यात सहरीच्या गिऱ्हाइकांच्या मोटारसायकली पुढच्या बाजूला येऊन उभ्या राहत आणि नात बारावीच्या परीक्षेला बसलेली होती. मी त्यांना 'बोलतो' असे सांगितले आणि चार दिवस बोललो नाही. कारण त्याच हॉटेलातून रोज मशिदीत इफ्तारीचे पातेले येत होते आणि त्यातले मीही खात होतो. तेव्हा पुढे जे लिहितो आहे, त्याचा पहिला रोख माझ्याकडे आहे, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

कुरआनच्या सूरह अन-निसाच्या 36 व्या आयतीत अल्लाहने स्वतःच्या उपासनेच्या आदेशापाठोपाठ माणसांचे हक्क सांगितले आहेत. आई-वडील, नातलग, अनाथ आणि गरजू यांच्यानंतर तेथे शेजारी येतो. आणि तो एकाच शब्दात येत नाही. नात्यातला शेजारी, परका शेजारी आणि बाजूला असलेला सोबती असे तिघे वेगवेगळे सांगितले आहेत. परक्या शेजाऱ्यात नाते नसलेला तर आलाच, धर्म वेगळा असलेलाही आला, असे अनेक भाष्यकारांनी म्हटले आहे. हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांच्या घरी बकरी कापली गेली, तेव्हा त्यांनी आपल्या यहुदी शेजाऱ्याकडे वाटा गेला की नाही, याची घरच्यांकडे पुन्हा पुन्हा चौकशी केली. या चौकशीला त्यांनी आधार दिला तो प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या सुप्रसिद्ध हदीसचा: जिब्रील (अलै.) शेजाऱ्याविषयी इतकी ताकीद देत राहिले की, शेजाऱ्याला वारसाहक्कही मिळेल की काय, असे प्रेषितांना वाटू लागले.

बुखारी शरीफमधील दुसरी हदीस याहून कठोर आहे. तीत प्रेषितांनी तीन वेळा शपथ घेऊन, ज्याच्या उपद्रवापासून शेजारी निर्धास्त नाही, त्याच्या ईमानाचाच इन्कार केला आहे. आपण ही हदीस ऐकतो तेव्हा आपल्या डोळ्यांपुढे मारामारी, चोरी, भिंतीवरून वाद असे काही येते. रोज रात्री शटर कोसळल्यासारखे खाली येणार आहे, हे ठाऊक असल्याने अंथरुणात डोळे उघडे ठेवून त्याची वाट पाहणारा माणूस आपल्याला आठवत नाही. तोही निर्धास्त नाही.

सूरह अन-नबामध्ये झोपेला विश्रांती, रात्रीला आवरण आणि दिवसाला उपजीविकेचा काळ म्हटले आहे. हजरत अबू बरजा (रजि.) सांगतात की, इशाच्या आधी झोपणे आणि इशानंतर गप्पा मारणे प्रेषितांना आवडत नसे. पण या विषयावर माझ्या मनात सर्वाधिक घर केले आहे ते सहीह मुस्लिममधील हजरत मिकदाद (रजि.) यांच्या कथनाने. उपासमारीने गळून गेलेले ते आणि त्यांचे दोन सोबती प्रेषितांकडे पाहुणे म्हणून राहत होते. शेळ्यांचे दूध काढून सर्वांनी वाटून प्यायचे आणि प्रेषितांचा वाटा बाजूला ठेवायचा, असा परिपाठ होता. प्रेषित रात्री येत आणि सलाम करीत. तो अशा आवाजात की, जागा असलेल्याला ऐकू जावा आणि झोपलेला जागा होऊ नये. वाचकहो, येथे थोडे थांबा. घर त्यांचे, झोपलेले त्यांच्याच आश्रयाला आलेले आणि उच्चार कोणता, तर सलामचा, म्हणजे साक्षात दुआचा. तरीही आवाज मोजून काढलेला. मग कीमा कुटण्याच्या किंवा तव्यावर दोन उलथणी आपटण्याच्या आवाजाला आपण कोणता अपवाद मागणार?

येथे हॉटेलवाले बंधू म्हणतील की, कायद्याने आम्हांला परवानगी आहे. ते खोटे नाही. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना अधिनियमाने चोवीस तास व्यवसाय करण्याची वाट बरीच मोकळी केली. परंतु 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 ही 'रात्र' आहे आणि निवासी भागात त्या वेळी आवाजाची मर्यादा 45 डेसिबल आहे. दिवसा ती 55 आहे. म्हणजे दार उघडे ठेवण्याची मुभा निराळी आणि गोंगाटाची मुभा निराळी. पहिली मिळाली म्हणून दुसरी मिळत नाही.

फिकहचे विद्वान तर या प्रश्नाशी फार पूर्वीच भिडले आहेत. उस्मानी राजवटीत 1869 ते 1876 या काळात हनफी फिकहवर आधारलेली 'मजल्ला' ही संहिता तयार झाली. आमच्या मदरशात तिचे मूलभूत नियम पाठ करून घेत. त्यांतील व्यवहार मला पुष्कळ उशिरा उमगला. घराला लागून लोहाराची भट्टी किंवा गिरणी काढली आणि तिच्या हादऱ्यांनी घर खिळखिळे होऊ लागले, किंवा भटारखान्याच्या धुराने घरात राहणेच अशक्य झाले, तर तो उपद्रव कसाही करून दूर केला पाहिजे, असे ती सांगते. कसोटीही देते: घर ज्यासाठी बांधले, ती राहण्याची मूळ गरजच अडते आहे काय? नुसता वारा किंवा देखावा अडला, तर तो या कसोटीला उतरत नाही. झोप ही राहण्याची मूळ गरज नसेल, तर मग दुसरी कोणती असेल, हे मला कोणी सांगावे.

आमचे हॉटेल तीस वर्षांचे आहे, हा युक्तिवादही नेहमी येतो. उपद्रव जुना झाला म्हणून तो हक्क बनत नाही, असे मजल्लाचेच सूत्र आहे. पण न्यायाची दुसरी बाजूही तीच संहिता मांडते. लोहाराच्या चालू दुकानाशेजारी कोणी नंतर येऊन घर बांधले, तर त्याला लोहाराचे काम बंद पाडता येत नाही. म्हणून गजबजलेल्या बाजारपेठेत जाणूनबुजून स्वस्तात घर घेऊन दुसऱ्या महिन्यात तक्रारअर्ज करणाऱ्यानेही विचार करावा. हॉटेलात वीस-पंचवीस मुले काम करतात, त्यांच्या गावाकडच्या चुली त्यावर पेटतात. रात्रपाळीचा कामगार, रुग्णालयातील परिचारिका, लांबचा चालक, खोलीत चूल नसलेला विद्यार्थी यांची सहरी कोठे होणार? रमजानात मुंबईच्या मिनारा मशिदीजवळची गल्ली पहाटेपर्यंत जागी असते, तेथे सर्व धर्मांचे लोक चवीने खातात, हे मलाही प्रिय आहे. हॉटेले दहाला बंद करा, असे मी म्हणत नाही.

मला खरी भीती वाटते ती निराळ्याच गोष्टीची. आपण रोजेदारांची सेवा करतो, दानधर्म करतो, तेव्हा एवढे तेवढे चालायचेच, ही समजूत. प्रेषितांसमोर एका स्त्रीचा उल्लेख झाला. ती नमाज, रोजे आणि दान यांसाठी ख्यातनाम होती, पण जिभेने शेजाऱ्यांना दुखावी. प्रेषितांनी तिचे ठिकाण नरक सांगितले. दुसरी स्त्री जेमतेम इबादत करणारी, वाळलेल्या पनीरचे तुकडे दान करणारी, पण कोणाला त्रास न देणारी. तिला त्यांनी जन्नतची म्हटले. मशिदीत आलेले पातेले दुसऱ्या मजल्यावरच्या जागरणाचे मोल फेडत नाही. ते येणे अल्लाहशी असलेल्या व्यवहारात जमा होईल. हे देणे बंद्याचे आहे आणि ते बंद्यानेच माफ करायचे आहे.

त्रास होतो की नाही, हे ठरवायचे कोणी? आपण ठीक वागलो की वाईट, हे कसे ओळखावे, असे एकाने विचारले असता प्रेषितांनी त्याला शेजाऱ्यांच्या साक्षीकडे पाठवले. शेजारी चांगले म्हणत असतील, तर चांगले. वाईट म्हणत असतील, तर वाईट. गल्ल्यावर बसलेल्याला आवाज ऐकू येत नाही, कारण तो स्वतः त्या आवाजाचाच भाग असतो. वर जाऊन विचारावे लागते.

पाचव्या दिवशी मी त्या हॉटेलमालक भावाला घेऊन वर गेलो. पण जिना चढण्याआधी मला आपल्या मशिदीचाही हिशेब करावा लागला. सहरीच्या वेळी भोंग्यावरून दर दहा मिनिटांनी 'उठा' म्हणण्याची प्रथा आमच्याकडे होती, आणि तीत माझा आवाज होता. मशिदीत मोठ्याने कुरआन पठण करणाऱ्यांनाही प्रेषितांनी पडदा बाजूला सारून, एकमेकांना त्रास देऊ नका, आपला आवाज दुसऱ्यावर चढवू नका, असे समजावले होते. ही हदीस मी अनेकदा सांगितली आहे. भोंग्याखाली उभा राहून सांगितली आहे. त्या रात्रीपासून ती पुकार बंद केली. प्रत्येकाच्या उशाशी मोबाइल आहेच.

वरच्या खोलीत चहा आला. मालकाला मागची खिडकी दाखवली. तिच्या बरोबर खाली धुराड्याच्या पंख्याचे तोंड होते, हे त्याने त्या बाजूने कधी पाहिलेच नव्हते. फार चर्चा झाली नाही. देगा रात्री पाण्यात भिजत ठेवून सकाळी सातनंतर घासायच्या, दहानंतर पदपथावरची टेबले उचलून बैठक आत घ्यायची, सिलिंडर फरशीवरून ओढायचे नाहीत, शटरला तेल द्यायचे आणि एक मुलगा बाहेर उभा करून गाड्यांचे इंजिन बंद करायला लावायचे, एवढे ठरले. त्या मुलाचे काम सर्वांत अवघड ठरले. रस्त्यावर बसणाऱ्यांनी रस्त्याचा हक्क द्यावा, कोणाला उपद्रव होऊ देऊ नये, ही हदीस मी जुम्याच्या खुतब्यात सांगितली, तरी आपलेच तरुण त्याला, "तू कोण सांगणारा?" असे विचारत. मग मालक स्वतः बाहेर उभा राहू लागला.

पंख्याचे तोंड फिरवायला दोन दिवस धंदा बंद ठेवावा लागणार होता, म्हणून ते काम ईदनंतर झाले. तोवर नातीची परीक्षा संपली होती. मालकाने वर जाऊन तिच्याकडे आणि तिच्या आजोबांकडे माफी मागितली. मुलीने ती लगेच दिली. आजोबांनी आधी, पंखा आता खरोखर ऐकू येतो का, हे खिडकी उघडून पाहिले.