घरमालकाचा उंबरठा

रविवारची पवित्र मिस्सा आटोपून आम्ही देवळाच्या दाराशी उभे राहिलो, की धर्मग्रामस्थ आपापली दुखणी सांगू लागतात. कोणाचा आजार असतो, कोणाच्या मुलाची नोकरी असते. अलीकडे मात्र एक प्रश्न वारंवार कानी पडतो : "फादर, वरच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत. भाड्याने द्याव्यात, की कुलूपच बरे?" विचारणारे कोणी धनिक नसतात. कोणी निवृत्त शिक्षक, कोणी परिचारिका, कोणी पतीमागे एकटी उरलेली वृद्धा. आयुष्याची सारी पुंजी त्यांनी विटा-सिमेंटात घातलेली असते.

सांगली-मिरज परिसरात खोल्यांना मागणी नेहमीचीच. विलिंग्डन व वालचंद महाविद्यालयांचे विद्यार्थी, मिरजेच्या रुग्णालयांतील शिकाऊ परिचारिका, सीमेपलीकडून उपचारांसाठी आलेल्या रुग्णांचे नातलग, कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतील कामगार, या सर्वांना निवारा हवा असतो. तरीही कित्येक खोल्यांना कुलूप असते. ओसरी दिलेल्या माणसाने हातपाय पसरल्याची म्हण घरमालकाच्या मनातून जात नाही.

ही भीती निराधार आहे, असे आम्ही म्हणणार नाही. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडेकरूला संरक्षण दिले. त्या काळी ते आवश्यकही होते. परंतु भाडी जिथल्या तिथे थिजली आणि कित्येक मालकांना घराची डागडुजीही परवडेना. पुढे १९७३ साली दुरुस्ती झाली आणि त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीस 'लीव्ह अँड लायसन्स'च्या चालू करारावर राहणारे रहिवासी भाडेकरू ठरले. अकरा महिन्यांसाठी दिलेली खोली कायमची गुंतली. ती आठवण बापाकडून मुलाकडे आली आहे.

मात्र कायदा आता बदललेला आहे. ३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या २४ व्या कलमानुसार करार संपताच लायसन्सवर राहणाऱ्याने जागा सोडावयाची असते. न सोडल्यास दुप्पट शुल्क भरावे लागते. ५५ वे कलम प्रत्येक करार लेखी व नोंदणीकृत असावा असे सांगते आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकते. करार अकरा महिन्यांचा असला की नोंदणी नको, नोटरीचा शिक्का पुरे, हा समज आपल्याकडे घट्ट रुजलेला आहे. तो चुकीचा आहे. नोंदणी नसेल, तर अटींविषयी वाद उद्भवल्यास, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, राहणाऱ्याचेच म्हणणे ग्राह्य धरले जाते. शिवाय मालकाला शिक्षा होऊ शकते ती वेगळीच.

"ओळखीचाच मुलगा आहे, कागद कशाला?" असे भाविक मंडळी विचारतात. कागद हा अविश्वास आहे, असे त्यांना वाटते. आमचे मत उलट आहे. कागद दोघांचेही रक्षण करतो. भाडे किती, अनामत किती, वीज-पाण्याचा हिशेब कसा, रंगरंगोटी कोणाची, हे सारे आधीच लिहिले, तर पुढे कोणालाही कोणाची मर्जी सांभाळावी लागत नाही. भाडे घेतले की पावती द्यावी. किल्ली देताना विजेच्या मीटरचा आकडा, नळ, पंखे, दारे-खिडक्या यांची यादी करून दोघांनी सह्या कराव्यात. कागद पक्का असला, म्हणजे मन मोकळे राहू शकते.

पण कागद जिथे संपतो, तिथे सदसद्विवेकाचे काम सुरू होते. जुन्या करारातील अनुवाद या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात एक लहानसा नियम आहे. कर्ज देणाऱ्याने तारण घेण्यासाठी ऋणकोच्या घरात शिरू नये. बाहेर उभे राहावे आणि ऋणकोने ते आणून द्यावे. धनकोचा हक्क त्या नियमाने नाकारलेला नाही. तो उंबरठ्यापाशी मात्र थांबवला आहे. माणूस ऋणी असला, तरी आपल्या घरात तो अब्रूदार असतो.

घरमालकाला याहून नेमका उपदेश कोणता असेल? किल्ली दिल्यानंतर भिंती आपल्या राहतात, घर मात्र त्यांचे होते. दुसऱ्या किल्लीने त्यांच्या माघारी आत जाणे, कोण आले-गेले याची चौकशी करणे, फोडणीच्या वासावरून कुरकुरणे, हे उंबरठा ओलांडणेच होय. पाहणी करावयाची तर आधी सांगून, दार ठोठावून करावी. भाडे थकले म्हणून पाणी किंवा वीज तोडण्यास कायद्यानेही मनाई आहे.

त्याच अध्यायात गरिबाचे तारण ठेवलेले पांघरूण सूर्यास्तापूर्वी परत करण्यास सांगितले आहे. ते वाचताना आम्हांला अनामत रकमेची आठवण होते. जागा सोडणाऱ्या विद्यार्थ्याचे पुढच्या खोलीचे पांघरूण तेच असते. भिंतीवरचे चार खिळे दाखवून ते अडवून ठेवणे हे पाप आहे, असे आम्ही स्पष्ट म्हणतो.

सांगलीत आणखी एक कर्तव्य येते. कृष्णेची धोक्याची पातळी आयर्विन पुलाजवळ ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, शामरावनगर, गावभाग येथील तळमजले बुडाले. तेथे तळमजला भाड्याने देताना २००५, २०१९ आणि २०२१ चे पाणी भिंतीवर कुठवर चढले होते, हे नव्या माणसाला बोटाने दाखवावे. नव्या घराच्या गच्चीला कठडा कर, म्हणजे कोणी पडल्याचा दोष तुझ्यावर येणार नाही, अशी आज्ञा अनुवादातच आहे. पुराची खूण सांगणे हा आपल्या गावचा कठडा आहे. आणि ज्या दिवसांत खोली पाण्याखाली होती, त्या दिवसांचे भाडे मागण्यास आमची तरी जीभ रेटणार नाही.

भाडेकरू निवडण्याचा अधिकार मालकाला आहे. एकाच जिन्याने जा-ये करावयाची, तेव्हा वर्तन, कामधंदा, ओळखपत्र पाहणे योग्यच. पण जात आणि धर्म पाहणे? आडनाव ऐकून, किंवा मासे-मटणाच्या भीतीने, आपल्याच मुलांना कित्येक दारांवरून परत यावे लागले आहे. तो अपमान आपल्याला ठाऊक आहे. आपल्या दारावर तोच अपमान दुसऱ्याला मिळू नये.

आता सर्वांत कठीण प्रश्न. भाडेकरू खरोखरच अडचणीत आहे, नोकरी गेली आहे, तीन महिन्यांचे भाडे थकले आहे. आणि त्याच भाड्यावर मालकीणबाईंची औषधे चालतात. त्यांनी क्षमा करावी, असे आम्ही प्रवचनात सांगावे काय? संत थॉमस अक्विनास यांनी मालमत्ता सांभाळण्याचा अधिकार व्यक्तीला दिला, मात्र तिचा उपयोग गरजवंतांसाठी खुला ठेवावयास सांगितले. हा भार सर्वांचा आहे. दयेचे सारे ओझे एका वृद्धेच्या पदरात टाकणे हा न्याय नव्हे. ज्याच्याकडे अधिक, त्याने मुदत द्यावी, थोडे सोडावे. ज्याच्याकडे नाही, तिने आपले भाडे मागावे, आणि गरज पडल्यास रीतसर नोटीस द्यावी. त्यात पाप नाही. अशा वेळी धर्मग्रामाने आणि संत विन्सेंट द पॉल सोसायटीने भाडेकरूच्या दारी जावे व एक-दोन महिन्यांचे भाडे उचलावे. मालकीण आणि भाडेकरू, दोघेही आपलेच शेजारी आहेत.

रिकाम्या खोलीविषयी आमचे उत्तर म्हणूनच असे : नोंदणी करा, आणि कुलूप काढा. लेवीय पुस्तकात देव आपल्या लोकांना बजावतो, की भूमी त्याची आहे आणि ते तिच्यावर उपरे, पाहुणे आहेत. सातबारा कोणाच्याही नावावर असो, आपण सारे मुदतीच्या करारावरच राहतो.

प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक संपते ते एका भाड्याच्या घरात. बंदिवान संत पौल रोममध्ये स्वतःच्या खर्चाने दोन वर्षे तेथे राहिला, आणि येईल त्या प्रत्येकाचे त्याने स्वागत केले. त्या घराच्या मालकाचे नाव कोणी लिहून ठेवलेले नाही. एका कैद्याला त्याने घर दिले आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना अडवले नाही, इतकेच आपल्याला समजते. सुवार्तेच्या इतिहासात एका घरमालकाचा तेवढा वाटा पुरेसा आहे.