पांढरीतली विद्या

आपल्याकडे गावाच्या जमिनीचे दोन भाग मानतात, काळी आणि पांढरी. काळीत पिकतं, पांढरीवर माणूस राहतो. जुन्या वस्तीची पांढर शेतात टाकली की पीक जोर धरतं, हे शिरूर-दौंडकडच्या शेतकऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही. कित्येक पिढ्यांची राख, शेण, हाडं तिच्यात मुरलेली असतात. शिरूर तालुक्यात इनामगावला, घोड नदीच्या काठी अशाच पांढरीच्या टेकाडांवर पुण्याच्या डेक्कन कॉलेजची माणसं १९६८ साली उतरली आणि १९८३ पर्यंत, बारा हंगाम, खणत राहिली.

तिथे काय सापडलं याइतकाच मला हा अवधी विचारात पाडतो. एका गावाच्या मातीला पंधरा वर्षं द्यावीत, असं एखाद्या संस्थेला वाटतं कसं? विद्या कशाला म्हणायचं, याचं आपलं उत्तर त्याआधी पुष्कळ बदललेलं असलं पाहिजे.

या बदलाची सुरुवात दक्षिणेपासून होते. सेनापती खंडेराव दाभाड्यांनी तळेगावात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटण्याचा प्रघात पाडला. पुढे तो पेशव्यांकडे आला आणि श्रावणात पुण्याला विद्वानांची रीघ लागू लागली. ज्यानं शास्त्र मुखोद्गत ठेवलं त्याच्या पोटाची काळजी राज्यानं घ्यायची, अशी ती व्यवस्था. विद्या आधीच पूर्ण झालेली आहे, ती फक्त हरवू द्यायची नाही, हा तिच्यामागचा विश्वास. तो उणा लेखण्याचं कारण नाही. छापखाना नसलेल्या समाजात स्मरण हाच ग्रंथसंग्रह होता. पण त्या विद्येत घोडकाठच्या शेतकऱ्याला जागा नव्हती.

पेशवाई गेल्यावर दक्षिणेच्या या निधीतून ६ ऑक्टोबर १८२१ रोजी विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली. विषय जुनेच राहिले, पण पैसा आता शिकवण्यासाठी खर्च होऊ लागला. १८४९ मध्ये लोकहितवादी आणि त्यांच्या बरोबरीच्या मंडळींनी सरकारकडे अर्ज केला, की दक्षिणेतला काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना द्यावा. शहरात मोठं वादळ उठलं. अर्जदारांच्या रक्षणासाठी जोतीराव फुल्यांनी आपली माणसं उभी केली, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. मला हा अर्ज कॉलेजच्या कुठल्याही इमारतीहून मोठा वाटतो. विद्येनं नवं काही निर्माण करावं आणि ते लोकांच्या भाषेत करावं, ही मागणी इथे उघडपणे झाली.

पाठशाळेचं पूना कॉलेज झालं. १८६८ मध्ये ते सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून येरवड्याला उभ्या राहिलेल्या इमारतीत गेलं आणि डेक्कन कॉलेज म्हणून ओळखलं जाऊ लागलं. टिळक-आगरकर तिथलेच विद्यार्थी. १९३४ मध्ये मात्र सरकारनं ते बंद केलं. माजी विद्यार्थी कोर्टात गेले. देणगी विशिष्ट हेतूनं दिलेली आहे, सरकार तिचं विश्वस्त आहे, त्यामुळे मनात आलं म्हणून त्याला कॉलेज मोडता येणार नाही, हे त्यांचं म्हणणं. अखेर १७ ऑगस्ट १९३९ रोजी संस्था पुन्हा उघडली, ती पदव्युत्तर शिक्षणाची आणि संशोधनाची संस्था म्हणून. तिचा रोजचा खर्च पुढेही मुख्यतः सरकारनंच उचलला, पण तिला जीव परत मिळाला तो एका खासगी दात्याच्या शब्दामुळे आणि तो शब्द विसरू न देणाऱ्या विद्यार्थ्यांमुळे.

पुण्यात त्याच सुमाराला खासगी देणगीतून अभ्यासाची संस्था उभारण्याचा आणखी एक प्रयोग सुरू झाला होता. रावबहादूर रा. रा. काळे यांनी भारत सेवक समाजाला दिलेल्या देणगीतून १९३० मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली. धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक. पण गाव हा अभ्यासाचा विषय होऊ शकतो, हे शिरूर तालुक्यानं त्याही आधी पाहिलं होतं. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य राहिलेले हॅरल्ड मान आणि त्यांचे सहकारी कानिटकर यांनी जातेगाव बुद्रुक या जिरायती गावाच्या जमिनीचा, पिकांचा, घरोघरच्या जमाखर्चाचा आणि कर्जाचा हिशेब मांडला. ते पुस्तक १९२१ मध्ये प्रसिद्ध झालं.

१९३९ च्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वज्ञ सांकळिया आले, इरावतीबाई कर्वे आल्या. १९४८ मध्ये संस्कृत महाकोशाचं काम सुरू झालं. त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला आणि शब्दांची रांग अजून ‘अ’मध्येच आहे. असं काम अंगावर घेणारी संस्था इनामगावला पंधरा वर्षं देईल, यात नवल नाही.

पण केवळ चिकाटीनं हे झालं नसतं, प्रश्नही बदलावा लागला. आधीच्या उत्खननांत सांकळियांच्या पिढीला पुराणांतली नगरं खरी की कल्पित, हे तपासायची ओढ होती. इनामगावपर्यंत येता येता प्रश्न झाला तो असा: ही माणसं काय खात होती, पाऊस कमी झाला की काय करत होती? सांकळिया, ढवळीकर, अन्सारी या पुरातत्त्वज्ञांच्या बरोबरीनं जळकं धान्य ओळखणारे, जनावरांची हाडं वाचणारे, नदीच्या गाळाचे थर जाणणारे लोक कामाला लागले. तेव्हा खापराइतकंच महत्त्व जवाच्या दाण्याला आलं.

आणि मग दिसलं ते असं. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० एवढा काळ इथे शेतकरी नांदले. शंभराहून अधिक घरं उजेडात आली. लहान मूल गेलं की दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवायचे, त्यात त्याला निजवायचं आणि घराच्याच जमिनीखाली पुरायचं. मोठ्या माणसाला पुरताना पावलं तोडलेली आढळतात. पाच खोल्यांच्या एका घराशेजारी धान्याचं कोठार होतं. घोडेचं पाणी वळवायला पाट खोदलेला होता, त्याला बांध घातलेला होता.

शेवटच्या तीनशे वर्षांत चित्र पालटतं. प्रशस्त चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या येतात, शेती आटते, शेळ्यामेंढ्यांवरचा भार वाढतो. ढवळीकरांनी याचं कारण घटत्या पावसात शोधलं. तो पाट खोदणाऱ्यांचं नाव कुठल्या पोथीत नाही. ज्या पैशातून एकेकाळी पोथी पाठ करणाऱ्यांना दक्षिणा मिळत होती, त्यातून निघालेल्या संस्थेनं त्यांच्या घरांचे नकाशे काढले, कोठारातलं धान्य निवडलं आणि १९८८ मध्ये ते सगळं ग्रंथरूपानं लोकांपुढे ठेवलं. अभिमत विद्यापीठाचा दर्जा त्यानंतर, १९९० मध्ये आला.

आज या भागात घोड धरणाच्या पाण्यावर ऊस उभा असतो आणि पाट जिथे पोचला नाही ती गावं मृग बरसण्याची वाट पाहतात.