बंदिस्त पडवी

कोकणातल्या घराची पडवी मुळात भिजण्यासाठीच असते. पावसाची झड तिथपर्यंत येते आणि ओटीला पोचण्याआधी संपते. म्हणून पडवीची जमीन ओटीपेक्षा पायरीभर खाली असते आणि तिला अंगणाकडे उतार असतो. घराने पावसासाठी राखून ठेवलेली ती जागा आहे.

पुढे कधीतरी ती जागा घराला हवीशी होते. कठड्यावर ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसतात, वर पत्रा येतो, खाली लादी येते. लादी सपाट बसवतात, कारण खोलीची जमीन सपाट असते. उतार जातो. पाऊस पूर्वीसारखाच येत राहतो. माणूस जागेचा उपयोग बदलतो. तिचे जुने काम आता कोण करणार, हे ठरवायचे राहून जाते.

गळती दिसते तिथे नसते. ओल खिडकीच्या कोपऱ्यात उमटते. पाणी शिरलेले असते चार हात वर, जिथे पत्रा घराच्या भिंतीला भिडतो. तिथून ते पत्र्याच्या पोटाला चिकटून, त्याला पेलणाऱ्या पाइपाच्या कडेने सरकत येते आणि वाट मिळेल तिथे उतरते. डाग पुसून गळती थांबत नाही. ओलीचा माग घेत वर चढावे लागते. माणसाचा रागही जिथे उतरतो तिथे जन्मलेला नसतो. ज्याच्यावर तो उतरतो, त्याची चूक बहुधा एवढीच असते की तो खाली उभा होता.

पत्रा आणि भिंत यांच्यातला सांधा सिमेंटने भरतात. तो पहिल्याच उन्हाळ्यात तडकतो. तापमानात ४० अंशांचा फरक पडला की ३ मीटरचा लोखंडी पत्रा सुमारे दीड मिलिमीटर वाढतो आणि रात्री तेवढाच आखडतो. भिंत जागची फारशी हलत नाही. जाणता कारागीर म्हणून भिंतीत खाच पाडतो, पत्र्याची वाकवलेली पट्टी तीत घट्ट बसवतो आणि तिची दुसरी कड छपराच्या पत्र्यावर नुसती टेकू देतो. भिंतीवरून ओघळणारे पाणी पट्टीवरून छपरावर जाते. पट्टीखाली पत्रा वाढायला आणि आखडायला मोकळा राहतो. दोन वेगळ्या स्वभावांची माणसेही अशाच सांध्याने जोडलेली राहतात. एकाने दुसऱ्याला झाकावे, जखडू नये.

मंगळुरी कौलांच्या छपराला असंख्य फटी असतात. दोन कौलांमध्ये सिमेंट नसते, डांबर नसते. फटींतून उजेडाची तिरीप आत येते, चुलीचा धूर बाहेर जातो. तरी पाणी आत येत नाही, कारण प्रत्येक कौल आपल्यावरचे पाणी खालच्या कौलाच्या पाठीवर सोपवते. चार कौले फुटली तर चार बदलतात. बाकीचे छप्पर तसेच राहते. सगळीकडून बंद केलेल्या छताला मात्र एक फट पुरते. ज्याने कुठेही फट राहू दिली नाही, त्याला एकाही चुकीची सोय उरत नाही.

सरकत्या खिडकीच्या खालच्या ट्रॅकला बाहेरच्या अंगाने लहान भोके असतात. झडीचे पाणी ट्रॅकमध्ये पडते आणि त्या भोकांतून बाहेर जाते. वाऱ्याचा जोर असला की तिथे बुडबुडे उठतात. पाणी इथूनच येते असे वाटून घरातले कोणीतरी ती भोके सिलिकॉनने बुजवते. मग ट्रॅक भरतो आणि आतल्या बाजूने ओसंडतो. असे एक घर माझ्या चांगल्या परिचयाचे आहे. तिथे पाण्याशिवायही बरेच काही असेच आत साचत गेले. भीतीला जाण्याची आणि येण्याची वाट वेगळी ओळखता येत नाही. भ्यालेला माणूस दोन्ही बुजवतो.

पत्रे टाकणारा जुना माणूस आधी वारा कुठून येतो ते विचारतो. किनाऱ्यावर पावसाळी वारा पश्चिमेचा आणि नैऋत्येचा. म्हणून हा माणूस पत्रे पूर्वेकडून टाकायला सुरुवात करतो. पुढचा प्रत्येक पत्रा आधीच्या पत्र्यावर चढतो आणि सांध्याचे तोंड वाऱ्याकडे पाठ करून राहते. स्क्रू तो पत्र्याच्या उंचवट्यावर मारतो, कारण पाणी खोलगटातून वाहते. या दोन्हींसाठी वेगळा पैसा लागत नाही. लागतो तो आधी केलेला विचार. पुढच्या बऱ्याच खर्चाला त्याचा अभाव पुरेसा असतो.

रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. १० चौरस मीटरच्या पत्र्यावर ते ३०,००० लिटर पाणी होते, आणि जवळजवळ सगळे चार महिन्यांत. एवढे पाणी कोणत्याही लेपाने अडत नाही. त्याला पन्हळ लागते, पन्हळीला उतार लागतो, उताराच्या शेवटी मोकळी जमीन लागते. पन्हळीच्या तोंडाशी मूठभर पाने अडकली तरी ते सारे घराकडे वळते. मोठ्या संकटांची कारणे मोठी असतात, ही समजूत माणसाला पाने काढू देत नाही.

उन्हाळ्यात गळती आठवत नाही. पावसात दुरुस्ती होत नाही. सिलिकॉन ओल्या भिंतीला धरत नाही, धुळीला धरत नाही, जुन्या सिलिकॉनवर टिकत नाही. जुने खरवडून, सांधा कोरडा आणि स्वच्छ करूनच नवे भरावे लागते. तरी जुलै येतो आणि माणसे भिजलेल्या सांध्यावर, जुन्या थरावर, नवा थर चढवतात. काहीतरी केले, एवढे समाधान त्यातून मिळते. पूर्वी मृगाच्या आत घर शाकारून घेण्याची रीत होती. कौले उतरवली जात, पारखली जात, पुन्हा चढवली जात, न गळलेलीही. त्या रीतीला ठाऊक होते की गरज आणि तिची योग्य वेळ एका ऋतूत येत नाहीत.

पाण्याला जायची वाट आधी द्यावी. आत येण्याच्या फटी त्यानंतर बुजवाव्यात. उतार, पन्हळ, भिंतीतली पट्टी आणि ट्रॅकची भोके जागेवर असतील तर सिलिकॉनला फार थोडे काम उरते. ती नसतील तर कितीही सिलिकॉन अपुरे पडते. हे सारे पाहून घेण्याचा महिना एप्रिल आहे.