संस्कार की शाळा?

दक्षिण कोरियात बहुधा नोव्हेंबरात पोरांची महाविद्यालय-प्रवेशाची मोठी परीक्षा होते. इंग्रजी ऐकण्याचा भाग चालू असतो तोवर विमानांची चढउतारसुद्धा थांबवतात. कित्येक आया बौद्ध मंदिरांत शंभर शंभर दिवस प्रार्थना करतात. हे ऐकले की आपली मंडळी लगेच म्हणतात, ‘बघा, कन्फ्यूशियसचे संस्कार!’

वाचकहो, आम्हांस हे अर्धेच पटते. कन्फ्यूशियसची शिकवण तिथे शेकडो वर्षे होतीच की! तरी १९४५ साली जपानी अंमल उठला तेव्हा बहुतेक कोरियन माणूस निरक्षरच होता. पुढे १९५० च्या सुमारास जमीन कसणाऱ्याच्या हाती आली, गावोगाव प्राथमिक शाळा निघाल्या, तेव्हा कुठे ती जुनी ओढ फळली. बी होते, पाऊस नव्हता. गरिबाच्या पोरास ‘तुझ्या घरी संस्कारच नाहीत’ म्हणणाऱ्यांना आम्ही एवढेच विचारतो, की त्याच्या वाटेवर शाळा होती काय?

बरे, ओढ फळली ती इतकी, की सोल शहरात खाजगी शिकवण्या रात्री दहाला बंद करा असा नियमच करावा लागला. त्या आयांच्या प्रार्थनेत पोराच्या झोपेला जागा कुठे असते, हे आम्हांस अजून उमगलेले नाही.