थोमाची जागा

नवापूर तालुक्यातल्या मावची आणि कोकणी वस्त्यांमध्ये रविवारी सकाळी उपासनेची गाणी सुरू झाली की कोण आले नाही, हे लगेच सगळ्यांच्या लक्षात येते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचे लोक खानदेशात आले. त्यांच्यामागून शाळा आल्या, दवाखाने आले. चिंचपाड्याच्या ख्रिश्चन हॉस्पिटलने या डोंगराळ मुलखाची केलेली सेवा कोणीही विसरू नये. इथे मंडळी म्हणजे नुसती प्रार्थनेची जागा नाही. सोयरीक तिथेच जुळते, आजारपणात तीच धावून येते आणि शेवटी मातीही तीच देते.

अशा गावात एखाद्याचा विश्वास उडाला तर त्याने कुठे जावे? प्रार्थनेने ताप उतरल्याची साक्ष कोणी देते, तेव्हा सलाइनही लावले होते हे त्याला आठवते. पण तो बोलत नाही. बोलला तर बहिणीचे लग्न अडेल, आई रडेल.

त्याला आणखी एक भीती असते, आणि ती बाहेरची आहे. धर्म बदलला तरी आदिवासी आदिवासीच राहतो. कायद्यानेही केवळ धर्मांतरामुळे त्याचा अनुसूचित जमातीचा दर्जा जात नाही. तरीही धर्मांतरितांना यादीतून वगळा, अशी मागणी सतत होत असते. अशा वेळी आपली शंका ही मागणी करणाऱ्यांच्या हातातले हत्यार होईल, या धाकाने तो गप्प बसतो. वेढ्यात सापडलेल्या समाजाला स्वतःच्या लेकराचा प्रश्नही फितुरी वाटू लागतो. दोष एकट्या पाळकांचा नाही, वेढा घालणाऱ्यांचाही आहे.

पण मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना एक आठवण करून द्यावीशी वाटते. सातपुड्यात आजही एखाद्या बाईला डाकीण ठरवून छळले जाते. डाकीण कोण हे ठरवणाऱ्या भगताच्या शब्दावर ज्यांनी पहिल्यांदा शंका घेतली, गावाचा रोष पत्करून जे वेगळे झाले, ते तुमचेच आजे-पणजे होते. त्यांच्या शंकेला तुम्ही धैर्य म्हणता. मग नातवाच्या शंकेला पाप का म्हणायचे?

शंकेची किंमत शहरातही मोजावी लागते. 2012 साली मुंबईत इर्ल्याच्या चर्चबाहेरील क्रूसावरून पाणी ठिबकू लागले. ते सांडपाण्याच्या गळतीतून वर चढते आहे, असे बुद्धिवादी कार्यकर्ते सनल एडामरुकू यांनी सांगितले. धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारी झाल्या आणि त्यांना देश सोडून फिनलंडला जावे लागले. पाण्याचे कारण सांगितल्याने कोणाचा येशू लहान झाला होता?

कायदा मात्र वेगळे सांगतो. तिघे जण मुंबई उच्च न्यायालयात गेले. येशूवर श्रद्धा आहे, पण कोणताही धर्म नाही, अशी नोंद राजपत्रात करायला सरकारी मुद्रणालयाने त्यांना नकार दिला होता. 2014 साली न्यायालयाने निकाल दिला की घटनेच्या कलम 25 मधल्या सदसद्विवेकाच्या स्वातंत्र्यात कोणताही धर्म न मानण्याचा हक्कही येतो. कायद्याने दार उघडले आहे. घराचे दार मात्र घरच्यांनीच उघडायचे असते.

शुभवर्तमानातल्या थोमाने जखमा पाहिल्याशिवाय विश्वास ठेवायला नकार दिला. त्याला कोणी बाहेर काढले नाही. येशूने त्याला जखमा दाखवल्या. मंडळीने आपल्या थोमासाठी एवढे तरी करावे: त्याच्या बहिणीची सोयरीक अडवू नये, त्याला मूठभर माती नाकारू नये आणि त्याचा प्रश्न शेवटपर्यंत ऐकून घ्यावा.