१०८ लावून झाल्यावर



काही वर्षांपूर्वी रविवारची मिस्सा आटोपून आम्ही चौघे गाडीने घरी निघालो होतो. द्वारका चौकाच्या अलीकडे गर्दी दिसली. मोटारसायकलवरून पडलेला एक तरुण रस्त्याच्या कडेला निपचित होता. माणसे भोवती उभी होती, हात मात्र कोणी लावत नव्हते. आमच्यापैकी एकाने १०८ ला फोन केला, ठिकाण सांगितले, आणि आपले काम झाले असे म्हणून आम्ही पुढे निघालो. त्या तरुणाचे काय झाले, हे आम्हाला आजही ठाऊक नाही. फोन तर केला होता, मग मनाला टोचणी का लागली? हाच प्रश्न आज आपल्यापुढे ठेवतो.

दयाळू शोमरोन्याचा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. यरुशलेमहून यरीहोला उतरणारा तो निर्जन रस्ता डोळ्यांपुढे आणायचा, तर आपण नाशिककरांनी कसारा घाट आठवावा. त्या माणसाने काय केले, ते क्रमाने पाहा. तो जवळ गेला. तेल व द्राक्षारस ओतून त्याने जखमा बांधल्या. जखमीला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले, त्याची सेवा केली आणि पुढच्या खर्चाची सोय लावली. इस्पितळाआधीचा उपचार म्हणून आज डॉक्टर जे शिकवतात, ते सारे थोडक्यात यात आले. याजक व लेवी यांनीही जखमीला पाहिले होते. फरक पडला तो जवळ जाण्यात.

पूर्वी आपल्याकडे जवळ न जाण्यास एक कारण होते. पोलीस प्रश्न विचारतील, कोर्टात खेटे घालावे लागतील, इस्पितळ आपल्याकडेच पैसे मागेल, ही भीती खोटी नव्हती. सर्वोच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आले होते. जखमी स्कूटरस्वाराला जवळच्या इस्पितळात नेले असता पोलीस केस म्हणून दूरच्या इस्पितळात पाठवण्यात आले आणि वाटेतच त्याने प्राण सोडला. १९८९ मध्ये न्यायालयाने स्पष्ट केले की, डॉक्टर सरकारी असो वा खाजगी, आधी जीव वाचवणे हे त्याचे कर्तव्य आहे. पुढे ३० मार्च २०१६ रोजी मदत करणाऱ्याला संरक्षण देणाऱ्या मार्गदर्शक सूचनांवर न्यायालयाने शिक्कामोर्तब केले. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आले. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर आता दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. नाव सांगण्याचीही सक्ती नाही. कायद्याने त्याला नाव दिले आहे तेही दाखल्यातल्या त्या परक्या माणसाचेच.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. अपघातातील वाहनचालकाने जखमीच्या उपचाराची व्यवस्था करावी, असे कायदा बजावतो. डॉक्टरालाही तो बांधतो. वाटेने जाणाऱ्या तुम्हा-आम्हाला मात्र तो फक्त संरक्षण देतो, थांबाच असे म्हणत नाही. आमची भीती कायद्याने काढून घेतली. आमची घाई तो काढून घेऊ शकत नाही. त्या रविवारी आम्ही घाबरलो नव्हतो. घरी जेवण वाट पाहत होते, एवढेच.

कोणी म्हणेल, फोन केला की तज्ज्ञ येतात, आपण थांबून काय करणार? महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली. गाडीत डॉक्टर असतो, ही तिची मोठी जमेची बाजू. ही देणगीच आहे. परंतु राज्यभरातील फोन पुण्याच्या नियंत्रण कक्षात घेतले जाऊ लागले. तिथे बसलेल्याला आपल्या चौकातले दुकान वा झाड कसे कळणार? जखमी श्वास घेतो आहे का, रक्त किती जाते आहे, हे त्याला जागेवर असलेलाच सांगू शकतो. हृदय थांबले तर चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. शहरातील रहदारीत कुशल चालकालाही इतक्या वेळात पोहोचणे कठीण. ती पहिली मिनिटे जवळ असणाऱ्याचीच असतात.

अर्थात नुसती माया पुरत नाही. घाईने उचलून रिक्षात कोंबल्यामुळे दुखावलेली मान कायमची निकामी होऊ शकते. म्हणून थोडे शिकावे. आधी स्वतःची सुरक्षितता पाहावी. आग किंवा वाहनांचा धोका नसेल तर जखमीला हलवू नये. वाहत्या रक्तावर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे. तोंडात पाणी घालू नये. हाकेला ओ नसेल आणि श्वास नीट चालत नसेल, तर छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा जोराने दाब द्यावा.

प्रत्येकाला प्रत्येक वेळी थांबता येईल असे नाही. रात्री घाटात एकटी असलेली बहीण गाडीतूनच फोन करील, तर तिला दोष देता येणार नाही. ज्याच्या हाती जितके, तितकेच त्याच्याकडून मागितले जाईल. पण आम्ही चौघे होतो, दिवसाची वेळ होती, आणि आमच्या हाती अर्धा तास होता.

बाळ येशूच्या यात्रेला दर फेब्रुवारीत नाशिकरोडला किती गाड्या येतात, ते आपण पाहतोच. त्या साऱ्या याच रस्त्यांवरून येतात. आपल्यातील डॉक्टर व परिचारिकांनी एखाद्या रविवारी मिस्सानंतर अर्धा तास देऊन वरील गोष्टी प्रत्यक्ष करून दाखवाव्यात, अशी विनंती. आणि पुढच्या वेळी १०८ लावून झाला की गाडी बाजूला घेऊ या. रुग्णवाहिका येईपर्यंत त्या अनोळखी माणसाजवळ बसू या. शेजारी कोण, या प्रश्नाचे उत्तर प्रभूने फार पूर्वीच देऊन ठेवले आहे.